गॅरेजच्या दाराचं मनोगत

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, घरी बायकोलासुद्धा नाही. एका बारा वर्षांच्या मुलीनं निबंधातून मला काहीतरी सांगितलं होतं. मी ते लाल पेनानं खोडलं आणि तिथं माझी वाक्यं घातली. माझ्या वाक्यांना पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर महिन्याभरात तिचे वडील वारले. तो माझा मित्र होता.

एवढंच आहे. आता क्रमानं लिहितो.

मिनिआपोलिसच्या कडेला, ईडन प्रेरीत, आमची मराठी शाळा भरते. दर रविवारी दहा ते बारा, भाड्यानं घेतलेल्या चार वर्गांत. निघताना बाकं होती तशी लावायची, फळा पुसायचा, मुलांनी सांडलेला चिवडा उचलायचा. मी तिथं सोळा वर्षांपासून मोठ्या मुलांना शिकवतोय. पेशानं मी शिक्षक नाही, आठवडाभर एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो.

गेल्या महिन्यात शाळेच्या समितीची मीटिंग झाली. विषय एकच होता, वरच्या वर्गाच्या परीक्षेतून निबंध काढून टाकायचा का? कारण सगळ्यांना माहीत होतं. दिवाळीवरच्या निबंधात सहा मुलांनी ‘दीपोत्सव म्हणजे चैतन्याचा सोहळा’ असं लिहून आणलं होतं, आणि चैतन्य म्हणजे काय ते सहांपैकी एकालाही सांगता आलं नव्हतं. एकानं तर ते मुलीचं नाव असेल असं म्हटलं.

“सरळ आहे, काका,” अध्यक्षबाई म्हणाली. बाई कसली, माझ्या भाचीच्या वयाची मुंबईची मुलगी आहे, पण फार कामाची. “घरी लिहायला दिलं की एआयचं मशीन लिहितं. वर्गात दिलं की चार ओळी येतात. मग कशाला पाहिजे? त्यापेक्षा बोलायला लावू. व्हिडिओ करू देत.”

“आणि तपासायचे कुणी?” एक बाबा म्हणाले. “काका सोडून इथं ऱ्हस्व-दीर्घ कुणाला येतंय? माझी मुलगी माझ्याच चुका काढते.”

सगळे हसले.

“काका, तुम्ही बोला ना. सीनिअर मोस्ट आहात.”

“राहू द्या,” मी म्हटलं.

“काय राहू द्या? विषय की निबंध?”

“निबंध.”

“ओके. पण रीझन?”

विचार करून सांगतो, असं म्हणालो. तिनं मीटिंगच्या नोंदीत टाइप केलं, ‘काकांचा विरोध, कारण नंतर.’ ते कारण मी इथं लिहितोय.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. आमच्या सरांकडे मनोगताचा ठरलेला साचा होता. जन्म, वैभव, हाल, संदेश. वस्तू कुठलीही असो, आधी तिनं आपला जन्म सांगायचा, मग चांगले दिवस, मग हाल, आणि शेवटी माणसांना चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवायच्या. या साच्यातून मी दहावीपर्यंत पडक्या किल्ल्याचं, बंद पडलेल्या घड्याळाचं आणि रस्त्यावरच्या दिव्याचं मनोगत काढलं. किल्ला मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरातलं घड्याळ कधी बंद पडलं नाही. घरात त्या वर्षांत जे काय चाललं होतं, ते पुष्कळ होतं, पण त्यातलं एक वाक्य माझ्या कुठल्याही निबंधात आलं नाही. मला मार्क चांगले पडायचे. सर माझी वही दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवायचे. निबंध म्हणजे काय ते आपल्याला कळतं, अशी माझी समजूत झाली, आणि ती माझ्याबरोबर अमेरिकेत आली.

आता नऊ वर्षांपूर्वीचं. संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही निबंधस्पर्धा ठेवली होती. थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी मी वर्गाला विषय दिला. घरातल्या कुठल्याही एका वस्तूचं मनोगत. फळ्यावर ते चार शब्द लिहिले, जन्म, वैभव, हाल, संदेश. कुणी फ्रिज घेतला, कुणी रिमोट, कुणी बर्फ ढकलायचं फावडं. एक मुलगी शेवटच्या रांगेत हुडीची टोपी डोक्यावर ओढून बसायची. ती म्हणाली, “मी गॅरेज डोअर घेते.”

तिचा बाबा नागपूरचा. या गावात आम्ही दोघं एकाच प्रोजेक्टवर आलो, सुरुवातीला शेजारशेजारच्या टाउनहोममध्ये राहिलो. पुढं त्यानं घर घेतलं, मीही घेतलं, कंपन्या बदलल्या, पण रविवारी बाराला मुलीला न्यायला आला की पार्किंग लॉटमध्ये आमचं दहा मिनिटं बोलणं ठरलेलं. माझ्या शाळेवर त्याचा लटका राग.

“अबे, तू पोरायचा रविवार खाऊन राहिला,” तो म्हणायचा. “तिले मी म्हटलं, बेटा, मराठी माझ्याशी बोल, फुकट शिकवतो. तर म्हणते, बाबा, यू डोन्ट स्पीक काका मराठी.”

पुढच्या रविवारी मुलांनी कागद दिले. तिचा कागद माझ्याकडे अजून आहे, त्यामुळे आठवून लिहायची गरज नाही. चुका तशाच ठेवून उतरवतो.

‘मी गॅरेजचा दार आहे. मला कोणी हात लावत नाही, बटण दाबतात. सकाळी मी दोन वेळा वर जातो. संध्याकाळी आई येते मग बाबा येतो. बाबाची गाडी आत आली की मी खाली येतो. पण बाबा बाहेर येत नाही. गाडी बंद होते आणि तो आत बसतो. माझा लाइट थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. मग बाबा अंधारात असतो. घरात जायच्या दरवाज्याच्या मागे एक मुलगी उभी असते. ती बटण दाबते मग लाइट परत लागतो. बाबाला वाटतं लाइट खराब आहे. लाइट लागला की दिसतं की बाबा एका हाताने दुसऱ्या हाताचा खांदा दाबतो. खूप वेळ दाबतो. मग तो तोंड पुसतो आणि हसतो आणि घरात जातो. आई विचारते ट्रॅफिक होता का. बाबा म्हणतो हो. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं ट्रॅफिक नव्हता. पण दाराला तोंड नसतं.’

इथं निबंध संपतो. ‘दाराचा जन्म कुठे?’ असं मी वर लिहिलं. ‘खांदा दाबतो’ या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘विषयांतर.’ खाली लिहिलं, ‘संदेश नाही.’ दहापैकी चार.

त्यानंतरच्या रविवारी मी वर्गात कागद परत देताना तिचं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. “दाराला तोंड नाही म्हणे. मग हे मनोगत काय कानानं सांगतंय का?”

वर्ग हसला. तीही हसली. बारा वर्षांच्या मुलीला दुसरं काय करता येतं?

“त्याचा जन्म लिही,” मी म्हटलं. “कारखाना, ट्रक, मग घर. आणि शेवटी काहीतरी संदेश पाहिजे ना?”

“त्याला मेसेज नाहीये, काका. ते फक्त बघतं.”

“नुसतं बघून निबंध होत नाही.”

हे वाक्य मी बोललो. या नऊ वर्षांत मी ते मनात किती वेळा ऐकलंय, ते माझं मला माहीत.

मला तिचा निबंध कळला नव्हता, असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. मला तो पहिल्याच वाचनात कळला. ती मुलगी म्हणजे ती, तो बाबा म्हणजे माझा मित्र, आणि हे रोज घडतंय, इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं. मग मी ते का खोडलं? तेव्हा स्वतःला मी सांगितलं की हे स्टेजवर वाचलं जाणार, दीडशे माणसं ऐकणार. गाडीत बसून राहतो म्हटल्यावर आपली माणसं लगेच म्हणणार, नोकरी गेली का, व्हिसाचं काही झालं का. त्याची अब्रू मी राखतोय, असं मला वाटलं. थोडं खरंच वाटलं. पण खाली आणखी एक कारण होतं. मी स्वतःही गॅरेजमध्ये गाडी बंद करून बसायचो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आमच्यात कोण बसत नाही? त्याला मी विचारलं असतं, का बसतोस, तर त्यानं मला विचारलं असतं. आम्ही त्या प्रकारचं बोलत नव्हतो. आम्ही गॅरेजच्या बल्बबद्दल बोलत होतो.

ते अक्षरशः बोललो. कागद परत दिले त्याच दिवशी, पार्किंग लॉटमध्ये. थंडी अशी होती की दोघांच्या तोंडातून वाफ येत होती.

“माझ्या गॅरेजचा लाइट येडा झाला यार,” तो म्हणाला. “विझते अन् आपोआप लागते. मी बल्ब बदलला, तरी तेच. सेन्सर गेला वाटते.”

मुलगी गाडीच्या दाराशी उभी होती, पाठीवर दप्तर, हातात माझ्या लाल रेघांचा कागद. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. सेन्सर नाही रे, तुझी लेक आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पाच-सहा शब्द.

“मॅन्युअल बघ,” मी म्हटलं. “रीसेट करायचं बटण असतं.”

“हो, पाहतो,” तो म्हणाला. ती गाडीत बसली आणि दार लावून घेतलं.

तिनं नवा निबंध आणला नाही. स्पर्धेला नाव तर दिलेलं, आणि तिच्या आईनं मला फोन करून सांगितलं, जरा मदत करा ना, ती अडलीय. मी एका शनिवारी दुपारी बसून तो लिहिला. अर्ध्या तासात झाला. ‘माझा जन्म एका भव्य कारखान्यात झाला. ऊन, वारा, हिमवर्षाव सोसत मी या घराचं रक्षण करतो.’ शेवटी, ‘हे मानवा, निर्जीव वस्तूंनाही मन असतं हे विसरू नकोस.’ मूळ कागद मी तिच्याकडून परत घेतला, फाइलला लावायचा म्हणून.

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिनं तो खणखणीत वाचला. पाठ केला होता. परीक्षक पाहुण्या होत्या, त्यांना ‘हे मानवा’ फार आवडलं. पहिलं बक्षीस. तिचा बाबा पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. नंतर तिळगूळ देताना मला म्हणाला, “लेका, मानलं तुले. माझ्या घरच्या दाराले एवढं ज्ञान आहे, मले माहीतच नव्हतं.” मी हसलो. तो टाळ्या वाजवून झाल्यावर खांदा चोळत होता का, ते मी तेव्हा बघितलं नाही. नंतर खूप आठवून पाहिलं. आठवत नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी लाइट विझला, तिनं बटण दाबलं, आणि तो पुन्हा लागला तेव्हा बाबाचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं. अँब्युलन्सला फोन तिनं केला. आई वर होती. मोठं दार तिनं उघडून ठेवलं, म्हणजे त्या लोकांना सरळ आत येता येईल. हे मला नंतर तिच्या आईनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले की हार्ट अटॅक, आणि दुखणं बरेच दिवस येत-जात असणार, खांद्यात, हातात. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ग्रीन कार्डचं चाललं होतं, नव्या मॅनेजरशी पटत नव्हतं. बसून राहिलं की थांबतं, असं त्याला कळलं होतं, म्हणून तो बसून राहायचा.

मी बोललो असतो तरी तो गेला असता, असं होऊ शकतं. हेही मी स्वतःला सांगून पाहिलंय. ते खोटं नाही. पण मी बोललो नाही, हेही खोटं नाही.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. तिची आई म्हणाली, “कुणाला म्हणजे कुणालाच कळलं नाही हो. तुम्ही तर दर रविवारी भेटायचात. तुम्हाला तरी काही बोलले होते का?”

“नाही,” मी म्हटलं.

ते खरं होतं. तो काही बोलला नव्हता. मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वही तपासायला दिल्यावर मुलं बघतात तसं, बरोबर आहे की चूक, एवढंच विचारत. मी चहाच्या कपात बघितलं.

उन्हाळ्यात त्या दोघी टेक्सासला, प्लेनोला, तिच्या मामाजवळ गेल्या. मी शाळेत शिकवत राहिलो. मनोगत हा प्रकार मी यादीतून काढला, कुणाला कारण सांगितलं नाही. त्यानंतर कुणाच्या निबंधात लाल पेन वापरलं नाही. सगळ्यांच्या कागदावर ‘छान’ लिहितो. पालकांना वाटतं काका आता मवाळ झाले. मवाळ नाही, वाचायची भीती बसलीय.

मीटिंगच्या नंतरच्या आठवड्यात प्लेनोहून फोन आला. अधूनमधून ख्यालीखुशालीचा येतो तसा असेल म्हणून मी उचलला. तिची आई सांगत होती की मुलगी आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सगळ्यात हुशार, पण लिहिण्याचा एक सक्तीचा कोर्स आहे तो तिनं दुसऱ्यांदा सोडला. त्याशिवाय डिग्री मिळणार नाही.

“पहिलाच पेपर आहे, घरातलं काहीतरी पाहिलेलं लिहा,” ती म्हणाली. “बाकीची मुलं मशीनकडून लिहून घेतात, सरळ सांगतात. ही तेही करत नाही. कोरा कागद देते. मी म्हटलं, अगं, लहानपणी तुला पहिलं बक्षीस मिळालं होतं! तर म्हणते, आई, दॅट वॉजन्ट माइन. म्हणजे काय, ते सांगत नाही. तुम्ही बोलाल का तिच्याशी? तुमचं ती ऐकेल. तुमच्याकडेच शिकलीय ना.”

“बघतो,” मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी बेसमेंटमधली फाइल काढली. कागद पिवळट झालाय, लाल रेघा ताज्या आहेत. मी तो पुन्हा वाचला, यावेळी तपासणारा म्हणून नाही. एक मूल दाराआड उभं राहून रोज काय बघत होतं, ते त्यात आहे. खांदा किती वेळ दाबतो, लाइट कधी विझतो, बाबा हसतो ते तोंड पुसल्यावर, ट्रॅफिक नव्हता. हे सगळं तिला जोडून दिसलं, कारण ती ते लिहीत होती. घरात बोलून तिला ते सांगता आलं नव्हतं, इंग्रजीच्या शिक्षिकेलाही नाही. एका निर्जीव दाराच्या तोंडून, तिच्या मोडक्या मराठीत, जो माणूस तिच्या बाबाला दर रविवारी भेटतो त्याला ती ते सांगत होती. ते तिनं माझ्याचसाठी लिहिलं होतं, हे मला समजायला नऊ वर्षं लागली असं म्हणणार होतो. पण तसं नाही, हेही मला तेव्हाच कळलं होतं.

समितीला मी काय सांगू? मुलं मशीनकडून लिहून आणतात, म्हणून निबंध निरुपयोगी झाला, असं सगळे म्हणतात. मशीन जे लिहून देतं ते मी चांगलं ओळखतो. ‘हे मानवा’ मी स्वतः लिहिलंय. मशीन यायच्या आधी तेच काम मी हातानं करत होतो, त्याला निबंध म्हणत होतो आणि त्याला बक्षीस देत होतो. ते बंद करायचं असेल तर खुशाल करा. पण वर्गात दिल्यावर ज्या चार ओळी येतात, त्या बंद करू नका. त्या चार ओळी कुणीतरी नीट बसून वाचायला पाहिजेत, आणि वाचून झाल्यावर उठून कुणाशी तरी बोलायला पाहिजे. हे दुसरं काम मी केलं नाही. अध्यक्षबाईंना हवं असलेलं रीझन हेच. पुढच्या मीटिंगला हे मी त्यांच्यापुढं वाचणार आहे, पण त्याआधी प्लेनोला फोन करायला हवा, आणि तो मी अजून केलेला नाही.

तिच्या आईला मला सांगायचंय की त्या दिवशी मी ‘नाही’ म्हटलं तेव्हा मला माहीत होतं. आणि त्या मुलीला तिचा कागद परत द्यायचाय, माझ्या रेघांसकट, आणि सांगायचंय की मी तो वाचला होता, मला तो कळला होता, आणि तिच्या निबंधात काहीच चूक नव्हती. एवढं माझ्याकडून राहिलंय.